काळा झगा

कुंभकोणम्‌ला कॉलेजच्या रस्त्यावर आमच्या शेजाऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. घरी तो आमच्यासारखाच तंजावरकडचं मराठी बोलायचा. दुकानाची पायरी चढला की फक्त तमिळ. पदवीच्या फोटोसाठी लागणारा काळा झगा अख्ख्या गावात त्याच्याकडेच होता. बारीक माणूस असला की तो झग्याला मागून कपड्यांचे चिमटे लावायचा, जाड्याचा झगा पाठीवर उघडाच ठेवायचा. हातात धरायची पदवीची गुंडाळी म्हणजे जुनं कॅलेंडर. "हसू नका," तो बजावायचा, "हसणाऱ्याला नोकरी कोण देतो?"

स्वतः दहावी नापास. पण पास न झालेल्याला झग्याला हात लावू द्यायचा नाही.

म्हणून तिरुभुवनम्‌चा एक विणकर मुलीला घेऊन आला तेव्हा दुकानात बसलेल्या मला नवल वाटलं. मुलगी बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षाला होती. "झग्यातला फोटो दाखवला की चांगलं स्थळ येईल," बाप म्हणाला, "मग कॉलेज बंद." स्टुडिओवाल्याने चिमटे लावले, कॅलेंडर दिलं, बटण दाबलं.

फोटो काही मिळेना. कधी रोल मद्रासला धुवायला गेलेला, कधी ओल लागून खराब झालेला. तोवर मुलीला घरी बसवून काय करायचं, म्हणून ती कॉलेजला जात राहिली.

मग दोन-तीन वर्षांनी एक दिवस ती एकटीच आली. पास होऊन बँकेत लागली होती. "अण्णा, माझा फोटो?"

त्याने झगा झटकला. "बस. आज कॅमेऱ्यात रोल घातलाय. हसलीस तरी चालेल."