आता मिशी फुटली असेल

माझ्या कादंबरीत मी एका मुलाला मारले. मुलगा खरा होता आणि तो मेला असे मला कुणीही सांगितले नव्हते. या प्रवासाचे कारण एवढेच. ते आधीच सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की हा गृहस्थ वऱ्हाडात हुरडा खायला गेला होता.

वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारला मी काही वर्षे वच्छलाताईंच्या घरात भाड्याने राहिलो. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. त्यांचा मुलगा अंकुश तेव्हा नऊ वर्षांचा. रोज संध्याकाळी तो माझ्या सायकलची घंटी वाजवायची परवानगी मागायचा आणि ती मिळायच्या आत वाजवायचा. एकदा वडिलांबरोबर तो कारंज्याला गेला. वडील रसवंतीवर रसाचे ग्लास घ्यायला वळले, आणि परत वळून पाहतात तो बसस्थानकाच्या गर्दीत अंकुश नव्हता. पुन्हा तो कुणाला दिसला नाही.

पुढे मला पुण्यात नोकरी मिळाली. तिथे बसून मी त्या घरावर कादंबरी लिहिली. नावे बदलली, पण पहिल्या पानावर छापले: 'अंकुशच्या स्मृतीस'. शेवटच्या प्रकरणात आईवडील बारा वर्षे वाट पाहतात, मग दर्भाचा पुतळा करून जाळतात, दिवस घालतात आणि घर पुन्हा हसू लागते. हरवलेल्या माणसासाठी आपल्याकडे असा विधी आहे. वाचकांना तो शेवट फार आवडला. मलाही आवडला होता.

मग एके दिवशी, अंकुश हरवल्याला बारा वर्षे उलटून गेल्यावर, वच्छलाताईंचा फोन आला.

"सर, शीतलनं तुमचं पुस्तक वाचून दाखवलं. माह्या पोराले तुमी काहून मारलं?"

शीतल म्हणजे अंकुशची धाकटी बहीण. तिची सोयरीक किन्हीराजा गावच्या मुलाशी जुळली होती. पण ताईंचे भासरे (थोरले दीर) दादाराव माझे पुस्तक घेऊन भावकीत हिंडत होते. हरवलेल्याचे दिवस घातल्याशिवाय घरात शुभकार्य नको, अगोदर पुतळा जाळा, मग साखरपुडा करा, बघा, सरांनीसुद्धा तसेच लिहिले आहे, असे त्यांचे म्हणणे. मुलाकडची माणसेही आता तेच म्हणू लागली होती.

"मी जाळत नाई," ताई म्हणाल्या. "तुमी या अन् सगळ्यायसमोर सांगा का खोटं लिवलं म्हणून."

मी फोनवरच माफी मागू लागलो. "फोनवर नाई," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुण्याहून निघालेली बस सकाळी कारंजा लाडला पोहोचली. स्थानकावर कापसाच्या गाड्यांची धूळ, आलुबोंड्यांचा वास आणि थंडीने कान झाकून बसलेली माणसे. चहाच्या टपरीशेजारच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. शाळेच्या गणवेशातला अंकुश. खाली मोठ्या अक्षरात: 'उजव्या भुवईत व्रण. डाव्या हाताने जेवतो. आता मिशी फुटली असेल.'

ते शेवटचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. अख्ख्या कादंबरीत मला असे एक वाक्य सुचले नव्हते.

"नका हात लावू बरं," टपरीवाला म्हणाला. "थे माय अमोशाले येते, नवा कागद लावून जाते. मांगं एका पेंटरनं भिंतीले रंग मारला त त्याले असं झापलं, का बिचाऱ्यानं कागदाभोवती चौकट काढून देल्ली."

खरेच, कागदाभोवती निळी चौकट होती.

शेलूबाजारला जाणारी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली असे चालकाला काही केल्या वाटत नाही. मला मागच्या बाजूला तुरीच्या पोत्यावर जागा मिळाली. पोते फाटके निघाले. प्रत्येक खड्ड्याला थोडी तूर माझ्या बुटात. दोन्ही बाजूंना काळ्या मातीत हरभरा हिरवागार उभा होता, सोंगलेल्या तुरीच्या गंज्या लागल्या होत्या. नव्या द्रुतगती मार्गाचा पूल डोक्यावरून गेला. त्यावरून धावणाऱ्या गाड्यांना खाली गावे आहेत हे कळतही नसेल.

"कोनाकडं जाता भाऊ?" समोरच्या म्हाताऱ्याने विचारले. मी वच्छलाताईंचे नाव सांगितले. त्याने मला खालून वर न्याहाळले.

"म्हंजे पोट्टं मारनारे सर तुमीच काय?"

जीपमध्ये हशा झाला. मीही हसण्याचा प्रयत्न केला, जमले नाही. उतरताना त्यानेच माझी पिशवी खाली दिली.

ताईंनी दारात पाणी दिले. बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. अंकुशचे वडील, रामेश्वरभाऊ, पडवीत तुरीच्या काड्यांचा खराटा बांधत होते. त्यांनी नुसती मान हलवली. कोपऱ्यात माझी जुनी सायकल उभी होती, जाताना मी ठेवून गेलो होतो ती. टायर कुजलेले, साखळी गंजलेली. घंटी मात्र चकचकीत.

"रोज पुसते माय," शीतल म्हणाली. "आला का थो पह्यले थेच वाजवीन म्हणते."

जेवायला ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि अंबाडीची भाजी होती. पाने मांडताना ताईंनी एक ताट जास्त घेतले आणि वाटी डावीकडे ठेवली. माझ्या कादंबरीतही हे जास्तीचे ताट आहे. पण वाटी डावीकडे नाही. त्याच घरात तीन वर्षे राहून मला ते दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे किन्हीराजाला गेलो. नवऱ्या मुलाच्या शेतात रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे फोडून त्यात तूप सोडायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. एरवी मी या जेवणावर दोन पाने लिहिली असती. त्या दिवशी मी रोडगा नुसताच कुस्करत होतो, कारण समोर दादाराव बसले होते आणि त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्राचे वेष्टन घातलेले माझे पुस्तक होते.

दादाराव वाईट माणूस नाहीत. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, माहा भाऊ पाहा. इतकी वर्षं झाली, रसाचा ग्लास हातात घेत नाई. कुठंतरी थांबावं लागते ना बावा? तुमी बरं लिवलं."

जेवणे झाल्यावर मुलाकडची वडीलधारी माणसे कडुनिंबाखाली बसली. मला बोलायला सांगितले. मी मास्तर माणूस, सवयीने सुरुवात केली की कादंबरी ही एक कल्पनासृष्टी असते, वास्तवाचा आधार घेऊन लेखक...

"सर," वच्छलाताई मधेच म्हणाल्या. "वर्गात नाई तुमी. सरळ सांगा."

मी थांबलो. मग सरळ सांगितले. "अंकुश गेला असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मला शेवट सुचत नव्हता. माणसं वाट पाहत बसली आहेत, एवढ्यावर पुस्तक संपवता येईना. म्हणून मी पुतळा जाळला. या घरात तो कधी जळलेला नाही. मी खोटं लिहिलं."

मुलाची आजी कानामागे हात धरून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजे, तुमाले वाट पाह्याचा कटाळा आला, अन् पोट्टं मारलं?"

"हो," मी म्हणालो.

"अन् त्याची माय अजून नाई कटाळली."

"नाई," ताई म्हणाल्या. "अन् कटाळणारबी नाई. कोनाले वाटते त्यानं सोताचा पुतळा करून जाळावा. माह्या लेकराले आग लावाची कोनाची हिंमत असन त पुढं यावं."

कुणी पुढे आले नाही. दादाराव खाली पाहत होते. रामेश्वरभाऊ उठले आणि बायकोच्या शेजारी जाऊन उभे राहिले. तेवढेच, पण त्या घोळक्यात ते सगळ्यांना दिसले.

तेवढ्यात शीतल बोलली. लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा असतो. अंकुश नसल्यामुळे दादारावांचा मुलगा कान पिळेल असे ठरले होते. ती म्हणाली, "कान माहा भाऊच पिळंल. आला नसंल त कोनीच पिळू नका. थो येईन तवा पिळंल."

सगळे नवऱ्या मुलाकडे पाहू लागले. संदीप त्याचे नाव. त्याने आपला कान चाचपला. "चाल्ते," तो म्हणाला. "पण इतक्या वर्षांचं व्याज धरून पिळलं त कान हातातच येईन बावा!"

आजी आधी हसली, मग सगळेच. साखरपुड्याचा दिवस तिथेच ठरला. पुतळ्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. निघताना दादारावांनी पुस्तक माझ्या हातात दिले. "घेऊन जा, सर. आमच्या कामाचं नाई हे."

परतताना वच्छलाताई कारंज्यापर्यंत माझ्यासोबत आल्या. अमावास्येला अजून अवकाश होता, पण त्या म्हणाल्या, आजच नवा कागद लावते. पिशवीत मैद्याची खळ होती. निळ्या चौकटीतला जुना कागद त्यांनी नखाने सोलून काढला आणि नवा माझ्या हाती दिला. कोपरा चुकला तशा करवादल्या, "सरळ लावा, वाकडा दिसते माहा पोरगा."

मी कागद सरळ केला. नव्या आवृत्तीत ते पहिले पान आणि शेवटचे प्रकरण नसेल, हे त्यांना सांगितले. पुस्तक शेवटाशिवाय छापले जाईल. मी तिकडे बसून एका कुटुंबाची वाट पाहणे उरकून टाकले होते. उरकून टाकायचा अधिकार मला कुणी दिला होता?

मग मी हात जोडले. "ताई, मला—"

"मले कायले?" त्यांनी खळीचा हात पदराला पुसला. "मारलं कोनाले? त्याले म्हना."

माझी बस लागली होती. वाहक ओरडत होता, टपरीवाला चहा गाळता गाळता थांबला होता, आजूबाजूची माणसे पाहत होती. मी भिंतीकडे तोंड केले आणि मोठ्याने म्हणालो, "अंकुश, तू आहेस. तू असताना मी तुला मारलं. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर."