मावशीची हाळी

पाचूबंदरहून आमच्या सोसायटीत मासे विकायला येणाऱ्या मावशीची हाळी एकच: "म्हावरं घ्या, म्हावरं!" ना यमक, ना अनुप्रास. मी जाहिरातींच्या ओळी लिहून पोट भरतो. मला ते ऐकवेना. एकदा तिला फुकटात ओळ करून दिली: "तजेलदार, तुकतुकीत, तव्यावर तोऱ्यात!" मान वाकडी करून तिने ती पुरती ऐकली.

"भाऊ, एवडं बोलंस्तवर गिऱ्हाईक जिना चढून परत घरी जाईल."

परवा ती आली आणि पाटी उतरवून नुसतीच बसली. मला वाटलं, घसा बसला असेल. खाली जाऊन विचारलं, "मावशी, आज हाळी नाही?"

"आज म्हावरं कालचं हाय, भाऊ. वरडू कशाला? कोनी इचारलं त सांगते."

मी कौतुकाने मान डोलावली आणि वर येऊन कामाला बसलो. कामणच्या गोदामात पडून पडून वास उडालेल्या अगरबत्तीसाठी ओळ हवी होती. विरोधाभास अलंकार मदतीला आला: "गंध इतका हळुवार, की फक्त मनालाच कळतो."

ओळ झकास जमली होती. एरवी मी अशी ओळ खिडकीत उभा राहून मोठ्याने म्हणून बघतो. पण खाली मावशी बसली होती.