मापं घ्यायला निघालो आणि खड्डा घेऊन आलो

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कडेगावात आमच्या नव्या घराच्या भिंती उभ्या राहायला लागल्या आणि आतली मांडामांड मी ठरवणार, असं मी जाहीर करून टाकलं. मी कराडच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. हातात पट्टी आणि वही आली की मला जग सुधारावंसं वाटे.

पण खरं कारण माझा थोरला भाऊ होता. एकाहत्तरच्या लढाईत दादाचा डावा पाय मांडीपासून गेला. पुण्याहून लाकडी पाय बसवून आला. चालायचा, सायकलही रेटायचा, फक्त मांडी घालता येईना. आमच्याकडं जेवण जमिनीवर, पंगतीत. सगळ्यांचं उरकलं की तो परसात बाजेवर बसून एकटा जेवायचा. एकदा अण्णांनीच, म्हणजे वडिलांनी, खुर्ची आणून ठेवली, तर मला म्हणाला, "अण्णा खाली आन् मी वर बसून जेवू? न्हाई जमायचं." आणि चारचौघांत पाय काढून ठेवणं त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. आईनं दोन वर्षांत त्याला पोटभर जेवताना पाहिलं नव्हतं. मला ते बघवत नसे.

मग मी ठरवलं, सगळं घरच टेबलावर न्यायचं. चांगल्या वास्तू बघू, चांगलं फर्निचर बघू, मापं घेऊ. दादाला बरोबर घेतलं, कारण माप त्याचंच होतं. "चल, तुजी हौस तरी फिटंल," म्हणाला.

पहिला दिवस वाईचा. कडेगावहून पहाटेची एस.टी., कराडला बदल, साताऱ्याला बदल. उन्हाळ्यात जाणार असाल तर पाण्याचा तांब्या जवळ ठेवा. दादाचा लाकडी पाय दोन सीटांमधल्या अरुंद जागेत मावत नसे, म्हणून कंडक्टरला सांगून दाराजवळची सीट मागून घेतली. वाईहून टांग्यानं मेणवली. तिथला वाडा पाहून मी खुळावलेच. भिंती एवढ्या जाड की जिना भिंतीच्या पोटातून वर जातो. मला भुलवलं ते कोनाड्यांनी. कपाट नको, मांडणी नको, भिंतीच्या जाडीतच दिवा, पोथी, पानाचा डबा. नव्या घरात मी सात कोनाडे ठेवायला लावले, आणि त्यांतला एकही आजवर रिकामा राहिलेला नाही. तुम्ही घर बांधत असाल तर हे जरूर करा. खर्च जवळजवळ नाही.

दुसऱ्या दिवशी सांगली. स्टॅण्डजवळच्या खानावळीत टेबलाशी बसून दादा पाच चपात्या जेवला. मी मोजल्या. म्हणजे भूक होती; घरी ती परसात जाऊन मरायची.

तिथून एका सुताराकडं गेलो. सागवानी, सहा खुर्च्यांचं टेबल, पाय असे गोल कातलेले की हात फिरवत राहावा. सुतारानं दादाला बसवून कोपराची उंची घेतली आणि विचारलं, "वडील खुर्चीवर बसत्यात न्हवं?"

"बसत्यात की," दादा म्हणाला. "मांडी घालून."

सुतार हसला, मी चिडले. बाहेर येऊन दादाला म्हणाले, "तुला काय करायचंच न्हाई. एकट्यानं जेवायची सवय लागलीया तुला." गेटवर थांबून त्यानं विडी पेटवली. मी असं बोलले याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवशी कवठे महांकाळ. तिथं बघण्यासारखं काही आहे म्हणून नव्हे, आईला नव्या घरासाठी दोन घोंगड्या हव्या होत्या. मिरज सोडलं की ऊस संपतो आणि उघडं माळरान लागतं. आमचं भांडण झालेलं, त्यामुळं दोघंही खिडकीबाहेर बघत होतो.

घोंगड्या विणणाऱ्या म्हाताऱ्याचं घर बुटकं. आत उजेड कमी, आणि म्हातारा जमिनीतून उगवल्यासारखा कमरेपासून वरच दिसत होता. तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून जमिनीच्या कडेवर बसला होता. खाली पायांनी फळ्या दाबायच्या, वर हातांनी धोटा फेकायचा. त्याच्या बायकोनं हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं वाट्यांतून प्यायला आणलं.

"बसा पावणं."

"हुबाच बरा हाय," दादा म्हणाला.

म्हाताऱ्यानं एकदा पायाकडं बघितलं. "आवं, मग हितं बसा की." आणि तो खड्ड्यातून वर आला. दादा जरा घुटमळला. मग काठी टेकून आत उतरला, कडेवर बसला, लाकडी पाय खाली सोडला. म्हातारा शेजारी मांडी घालून बसला. दोघांचे खांदे एका रेषेत. दोघांच्या वाट्या जमिनीवर.

मी सांगलीत टेबलाची उंची मोजत बसले होते, आणि इथं एका माणसानं जमीनच खाली नेली होती. मी पट्टी काढली. म्हातारा म्हणाला, "खड्ड्याला कसलं माप, बाई? ज्येचा पाय त्येचं माप."

घरी आई बिथरली. "नव्या घरात खड्डा? लोक काय म्हनतील?" अण्णांनी एवढंच विचारलं, "बसाय येतंय तुला त्यात?"

"येतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंड्याला बोलावलं. अण्णांच्या पाटाच्या उजव्या हाताला गुडघाभर खोल खड्डा, उतरायला एक पायरी, आतून शहाबादी फरशी, ताटासाठी वर आडवा चौरंग.

वास्तुशांतीला गावातली पंधरा माणसं पंगतीत होती. शेवटच्याचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दादा एरवी भराभर जेवायचा, फौजेची सवय. त्या दिवशी त्यानं दोनदा आमटी मागितली आणि पोळीचा तुकडा उगाच घोळवत बसला. सगळे थांबले. अण्णांचं तर केव्हाच झालं होतं. हात वाळून पांढरा पडला होता.

"हात वाळला की तुमचा," आई हळूच म्हणाली. "पानी देऊ?"

"थांब जरा," अण्णा म्हणाले. "पोरगं जेवतंय."