बावखलाची बातमी, एमपीथ्रीमध्ये

त्या हिवाळ्यात आईच्या एज्ड केअरचं, म्हणजे वृद्धाश्रमाचं, दार आमच्यासाठी बंद झालं. इथे परदेशात, टार्निटच्या आमच्या घरापासून ते गाडीने अगदी जवळ, पण लॉकडाउनमध्ये आत कोणालाच सोडत नव्हते. आईला विसराळूपणाचा आजार जडून बरीच वर्षं झाली होती. इंग्रजी तिला केव्हाच सोडून गेलं होतं. उरली होती ती आमची वसईची मराठी. व्हिडिओ कॉल लावला की पडद्यावरच्या माझ्या चेहऱ्याला घाबरून ती तोंड फिरवायची. आवाज मात्र ओळखायची.

वसईहून मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, मला फोनवर व्हॉइस मेसेज पाठवायची. कोणाच्या वाडीतली केळी उतरवली, चर्च बंद म्हणून रोझरी घरातच कशी चालते, सुकट कशी मिळेनाशी झालीय. हे सगळं खरं तर आईने ऐकायचं होतं. तिच्या खोलीत म्हाताऱ्या माणसांसाठी बनवलेला एक प्लेअर होता: एकच मोठं बटण आणि मागे पेन ड्राइव्ह लावायला खाच. मी मेसेज पेन ड्राइव्हवर भरले आणि एज्ड केअरच्या दारात ठेवून आले.

संध्याकाळी तिथल्या केअररचा, आईची देखभाल करणाऱ्या बाईचा, फोन आला. "सॉरी लव्ह, काहीच वाजत नाहीये."

कालगुर्लीला खाणीत इंजिनियर असलेल्या माझ्या भावाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "सोड ना आता. तिला काय कळतंय? उगाच स्वतःला त्रास करून घेतेस."

"तिला काय कळतं ते तू ठरवू नकोस, दादा."

"मी तुझ्यासाठीच बोलतोय गं."

"मग बोलू नकोस," म्हणून मी फोन ठेवला.

मला फाइलींमधलं ओ की ठो कळत नव्हतं. फोनवरचे मेसेज 'ओपस' नावाच्या फॉरमॅटमध्ये होते, आणि त्या प्लेअरला एमपीथ्रीशिवाय काही चालत नव्हतं. मी आधी फाइलच्या नावातलं 'ओपस' खोडून तिथे 'एमपीथ्री' लिहिलं. प्लेअर कसला फसतोय! पाटी बदलून दुकानातला माल बदलत नाही. मग फुकट मिळणारा एक प्रोग्रॅम उतरवला आणि मेसेज खरोखरचे एमपीथ्रीत बदलून घेतले. आता काही वाजले, काही नाही, असं केअररने कळवलं. मी हौसेने मराठीत नावं दिलेल्या फाइलीच नेमक्या तो ओलांडून पुढे जात होता. मला संताप आला. माझ्या भाषेतलं साधं नावसुद्धा त्या डबड्याला चालेना! पण मी नावं बदलली, नुसते आकडे टाकले. नाव काय वाटेल ते असो, आत मराठीच बोललं जाणार होतं.

या खेपेला सगळं वाजलं. केअररने सांगितलं, की आई प्लेअरला कान लावून बसते, मध्येच हसते, मध्येच उत्तर देते. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले आणि लगेच पुढचे मेसेज बदलायला बसले.

काही दिवसांनी मॅनेजर बाईंचा फोन आला. आवाज गोड, पण ठरवून केलेला.

"ते रेकॉर्डिंग ऐकून तुमच्या आई काल फार चिडल्या. मोठमोठ्याने ओरडल्या. आम्ही ते बंद करतोय. त्याऐवजी छान शांत पियानो लावू."

"काय म्हणून ओरडली?"

"आम्हाला तुमची भाषा येत नाही ना."

मला माहीत होतं. आईच्या माहेरच्या घरामागे बावखल आहे, गोड्या पाण्याचं तळं. आईचं अख्खं बालपण त्याच्या काठावर गेलेलं. लोक लॉकडाउनमध्ये घरात कोंडलेले पाहून शेजारच्या जमीनवाल्याने त्यात भराव टाकायला सुरुवात केली होती. मावशीने ते रडत रडत सांगितलं होतं, आणि मी तो मेसेजही गाळला नव्हता.

"तिच्या तळ्यात कोणीतरी माती टाकतंय," मी म्हणाले. "तुमच्या घरामागे कोणी टाकली तर तुम्ही पियानो ऐकत बसाल?"

"त्यांना शांत ठेवणं ही आमची जबाबदारी आहे."

"शांत ती कित्येक महिने आहेच. भिंतीकडे बघत शांत. राग येणं हा आजार नाही. प्लेअर बंद करायचा असेल तर कारण लेखी द्या, मी ते घेऊन वर तक्रार करते."

मग त्या म्हणाल्या, "खोलीचं दार बंद करून प्लेअर लावू."

"नो वरीज," मी म्हणाले.

मी केअररला विनंती केली, की आई पुन्हा ओरडली तर फोनवर रेकॉर्ड कर. तिने केलं. आई कडाडत होती: "कोणी सांगितलं रे तुम्हाला बावखल बुजवायला? पाणी काय तुमच्या बापाने आणलं? काढा ती माती!" इतकी सलग वाक्यं तिच्या तोंडून मी किती काळाने ऐकत होते!

मी ते मावशीला पाठवलं. मावशीचा लगेच फोन. "मला हे बाहेर लावायचंय, मोठ्या आवाजात. आपला रोझरीचा स्पीकर आहे ना, मेमरी कार्डवाला, त्याच्यावर." केअररच्या फोनची फाइल आणखी तिसऱ्याच जातीची निघाली आणि त्या जुन्या स्पीकरला ती पचेना. मी तीही एमपीथ्री केली, आवाज वाढवला आणि पाठवली. मावसभावाने ती कार्डावर चढवली.

दुसऱ्या दिवशी मातीचा ट्रक आला, तेव्हा मावशी तोंडाला पदर बांधून काठावर खुर्ची टाकून बसली आणि तिने स्पीकर लावला. आईचा आवाज बावखलावरून घुमला. आजूबाजूच्या घरांतून बायका बाहेर आल्या. "ही तर आपली थोरली!" कोणीतरी ओरडलं. बायका अंतर राखून, पण ट्रकच्या वाटेतच उभ्या राहिल्या. ट्रक परत गेला.

पुढे बऱ्याच तक्रारी झाल्या, पंचनामा झाला. सगळं वाचलं असं नाही. अर्धं बावखल बुजलं होतं ते बुजलंच. उरलेलं अर्धं अजून आहे. मावशीने हेही सांगणारा मेसेज पाठवला.

दादा म्हणाला, "हा तरी नको ऐकवूस. तिला वाईट वाटेल."

"वाटू दे. बावखल तिचं आहे."

मी तो एमपीथ्री करून पेन ड्राइव्हवर टाकला आणि गाडी काढली. त्या दिवशी आईने पुन्हा खोली डोक्यावर घेतली, असं केअररने मला फोनवर हसत हसत सांगितलं.