विचारून जाण्याची वाट

ईट गावच्या खव्याच्या भट्ट्यांना दूध पुरवणाऱ्या वस्त्यांमध्ये खडकवस्ती सर्वांत जवळची होती आणि सर्वांत दूरचीही. नदीकाठच्या बांधांवरून सायकलने ती चार किलोमीटरवर होती. डांबरी रस्त्याने, बालाघाटाच्या डोंगराला वळसा घालून, सोळा. चैत्र-वैशाखात म्हशीचे दूध सोळा किलोमीटर तग धरत नाही, आणि नासलेल्या दुधाचा खवा होत नाही. या दोन अंतरांमधल्या फरकावर वस्तीची चौदा घरे जगत होती. तो फरक एकतीस वर्षे एका माणसाच्या पायांनी टिकवून ठेवला होता. त्याचे नाव मकबूल.

मकबूलचे वय साठीला टेकलेले. मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन बांधलेली त्याची काळी सायकल पहाटे वस्तीवर जाई आणि सात वाजायच्या आत भट्टीवर परत येई. वाट नदी ओलांडून वीरप्पांच्या शेतात शिरे, त्यांच्या लांब बांधावरून पुढे जाई आणि पळस-धावड्याच्या जंगलाच्या कडेने, मुरुमाच्या उतारावरून वस्तीपर्यंत चढे. वाटेचा सर्वांत महत्त्वाचा तुकडा वीरप्पांच्या मालकीचा होता. तो टाळून नदीपासून डोंगरापर्यंत जाता येत नव्हते.

वीरप्पांनी वाट कधी अडवली नाही आणि कधी देऊनही टाकली नाही. त्यांच्या वडिलांपासून एक रीत चालत आली होती. धुळवडीच्या सकाळी, दूध गेल्यावर, बांधाच्या तोंडावर बाभळीची एक काटेरी फांदी आडवी पडे. तिला काटी म्हणत. स्नान-पूजा आटोपून वीरप्पा नऊच्या सुमारास तिथे येत. वाटेने जाणाऱ्यांपैकी कोणीतरी एकाने म्हणायचे, "अप्पा, वाट द्या." ते म्हणत, "घ्या," आणि स्वतःच्या हाताने काटी बाजूला करत. वर्षभर मग कोणी कोणाला काही विचारत नसे. गेली कित्येक वर्षे विचारणारा माणूस मकबूलच होता.

या रीतीकडे पाहण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही खरे आहेत. ती सौजन्याची रीत होती, कारण तिच्यात मागणारा लाजत नसे आणि देणारा अटी घालत नसे. ती सत्तेचीही रीत होती. जमीन कोणाची आणि पाय कोणाचे, हे चौदा घरांना वर्षातून एकदा सांगितले जाई. बाभळीच्या एका फांदीत हे दोन्ही अर्थ मावत होते. एकतीस वर्षांत त्यांना वेगळे करण्याची वेळ कोणावर आली नव्हती.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात पुण्याचा कृष्णराज नावाचा तरुण रुंद टायरची सायकल घेऊन या खोऱ्यात आला. डांबर सोडून खडी-मुरुमाच्या वाटांवरून लांबचे पल्ले मारण्याचा एक छंद शहरांत वाढला आहे. ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. कृष्णराज अशा वाटा शोधून मोबाइलच्या नकाशावर टाकत असे. दोन दिवस तो जंगलाच्या कडेला चुकत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने मकबूलला चाळीस लिटर दूध घेऊन तोच उतार ब्रेकशिवाय उतरताना पाहिले.

"चाचा, ब्रेक कुठंय?"

"चप्पल हाय की," मकबूल म्हणाला.

पुढचा आठवडाभर मकबूलने त्याला नदीचे उतार, पावसात न खचणारे बांध, जंगलातली पाण्याची जागा असे सगळे दाखवले. ज्या ज्ञानाला आयुष्यभर कोणी ज्ञान म्हटले नव्हते, ते कोणीतरी आदराने विचारून घेत होते. या सुखाला कमी लेखू नये. पुढे जे घडले त्यात लोभाचा अंश नव्हता. होता तो एवढाच, की एका माणसाला प्रथमच आपण जाणकार आहोत असे वाटले.

कृष्णराजने चाळीस सायकलस्वारांची फेरी ठरवली. सुट्टी पाहून त्याने दिवस धरला तो धुळवडीचा.

"त्या दिशी नगं," मकबूल म्हणाला.

"का? रंग खेळता का तुम्ही?"

"तसं न्हाय. अप्पाला इचारावं लागतं."

"मग विचारू ना! मीपण येतो विचारायला."

घरी बिस्मिल्लाबीने, त्याच्या बायकोने, ते ऐकले आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "चालीस लोगां लेको जाते? अप्पा को पहलेच बोल को आव."

तो आदल्या दिवशी गेला नाही. रीत आदल्या दिवशीची नव्हती. ती काटीपाशी, धुळवडीलाच व्हायची. त्याच्या हिशेबाने आधी जाऊन विचारणे म्हणजे अप्पांच्या उंबऱ्यावर अर्ज नेणे होते, आणि तसे त्याने कधी केले नव्हते. रीत बरोबर पाळण्याच्या हट्टात त्याने ती मोडण्याची तयारी केली.

साडेआठला तो सायकलस्वारांच्या पुढे बांधाच्या तोंडाशी पोचला. काटी पडलेली होती. वीरप्पा आले नव्हते. चाळीस माणसे मागे अरुंद वाटेवर एकापाठोपाठ थांबली. ऊन चढत होते.

"काय झालं चाचा?" कृष्णराजने विचारले.

"थोडं थांबावं लागंल."

दहा मिनिटे गेली. मागून कोणीतरी ओरडले, "टोलनाका आहे का?" हशा पिकला. कोणी म्हणाले, "चाचांचा पास संपला वाटतं."

मकबूलने वीरप्पांच्या घराच्या दिशेने पाहिले. मग वाकून त्याने काटी उचलली आणि बांधाखाली टाकली. संध्याकाळी जाऊन माफी मागू, असे त्याने मनाशी ठरवले होते. पण मागच्या एका तरुणाच्या डोक्यावरच्या टोपात कॅमेरा होता, आणि दुपारपर्यंत ते दृश्य गावातल्या मोबाइलांवर फिरत होते. खाली ओळ होती: 'बालाघाटातील खुली वाट, सर्वांसाठी.'

संध्याकाळी वीरप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी मकबूलला बसायला सांगितले, चहा दिला.

"काटी जड होती का रं?"

"चुकलं, अप्पा."

"तुझं चुकलं ते मी गिळलं असतं. पन आता ती वाट नकाशावर हाय. पोरानं वकिलाला फोन लावला. त्यो म्हनतो, अशी न इचारता चार वर्षं लोकं गेली की सरकारी रस्ता होतो. माझा बांध ऱ्हात न्हाय."

"मी त्या सायकलवाल्याला काढून टाकाय सांगतो."

कृष्णराजने त्याच दिवशी आपल्या नकाशावरून रेघ काढून टाकली, आणि फोनवर तो रडला. परंतु तोवर ती इतरांनी उतरवून घेतली होती. पुढच्या रविवारी सहा अनोळखी स्वार आले. त्या सोमवारी वीरप्पांच्या मुलाने जेसीबी आणून बांधाच्या दोन्ही टोकांना कमरेइतका चर खणला.

वस्तीने तहसीलमध्ये दावा लावला. म्हणणे असे, की वाट पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, तिच्यावर वस्तीचा हक्क आहे. वापर सिद्ध करायला एकच साक्षीदार पुरेसा होता, मकबूल. सुनावणीच्या आधी वस्तीवरची विधवा कस्तुराबाई मकबूलच्या घरी आली. तिच्या दोन म्हशींचे दूध तो तिच्या लग्नापासून नेत होता.

"वकील म्हनतो, इचारून गेलो असं निघालं तर ती अप्पाची मेहेरबानी ठरती, हक्क न्हाय. तुमी एवढंच म्हनायचं, आमी कधी इचारलं न्हाय."

मकबूलने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"एक शब्द गिळायचाय भाऊ. म्हस सरकी गिळती तसा. चौदा घरं हाईत."

"अप्पा समोर बसलेले असत्याल, कस्तुरा."

"बसू द्या की. त्यांनी चर खणला तवा आमी बी समोरच हुतो."

तिचे म्हणणे चुकीचे होते असे म्हणता येत नाही. ज्या कायद्याला हक्क ओळखता येतो पण विनंती ओळखता येत नाही, त्याच्यासमोर दुर्बळाने विनंती लपवावी, हे समजण्यासारखे आहे. मकबूललाही ते समजले होते. त्यानंतरच्या चार दिवसांत तो जेवला नाही असे बिस्मिल्लाबी सांगते.

सुनावणीला अधिकाऱ्यांनी विचारले, "किती वर्षे जाता?"

"एकतीस."

"कोणाला विचारून जात होता का?"

वस्तीचे लोक भिंतीला लागून उभे होते. वीरप्पा खाली मान घालून बसले होते. त्यांनी एकदाही वर पाहिले नाही.

"व्हय," मकबूल म्हणाला. "दर साली. अप्पांनी कधी न्हाय म्हनलं न्हाय. यंदा इचारलं न्हाय, ती चूक माझी हाय."

निकाल तीन ओळींचा होता. वाट परवानगीची, पर्यायी रस्ता उपलब्ध, दावा फेटाळला.

बाहेर कडुनिंबाखाली वीरप्पांनी त्याला गाठले. "मकबूल, तू खरं बोललास. तुझ्यापुरता चर बुजवतो. उद्यापासून ये."

"अन् वस्तीला?"

"वस्तीनं माझ्यावर दावा लावलाय."

"मग मी तिकडनं काय घिऊन येऊ, अप्पा?"

वीरप्पा दुष्ट नव्हते. त्यांच्या औदार्याला फक्त एका माणसाएवढीच जागा होती.

वस्तीने मकबूलला दूध देणे थांबवले. काही दिवस एक टेम्पो डांबरी रस्त्याने येत राहिला. मे महिन्यात तिसऱ्यांदा दूध नासून आल्यावर भट्टीवाल्याने त्याला बंद केले. पावसाळ्यापर्यंत वस्तीवरच्या निम्म्याहून अधिक म्हशी विकल्या गेल्या. दोन कुटुंबे ऊसतोडीला नाव नोंदवून आली; यापूर्वी खडकवस्तीतून कोणी ऊसतोडीला गेले नव्हते. मकबूल त्याच भट्टीवर दूध आटवण्याच्या कामाला लागला. सायकल त्याने विकली नाही, वापरलीही नाही.

आषाढात एके सकाळी कस्तुराबाई दुसरी म्हैस घेऊन बाजाराला निघाली. सोळा किलोमीटर चालून ती भट्टीसमोर आली तेव्हा मकबूल बाहेर आला.

"पानी पाज तिला. इथं हौद हाय."

"पाजलंय नदीवर."

म्हैस उभी राहिली. दोघेही उभे राहिले.

"मकबूलभाई, तुमी खोटं बोलला असता तर मला तुमचा राग आला नसता," ती म्हणाली. "आता येतो. अन् तो कुठं ठिवावा ते कळत न्हाय."

तिने दोर ओढला. आतून भट्टीवाल्याने हाक मारली. कढईतले दूध दाटायला लागले होते, आणि त्या वेळी उलथणे क्षणभर थांबले तरी खवा तळाला करपतो. मकबूल आत गेला.