हूं देणारी गप्प झाली तेव्हा

"मेली तं बरंच झालं तिचं. जगली असती तं गेली कुठं असती?"

मोहफुलांतला कचरा निवडता निवडता मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, सहज म्हणाली. मला नाही, शेजारच्या काकींना. काकींनी मान हलवली आणि मूठभर फुलं सुपात टाकली.

मेलेली बाई मी सांगितलेल्या गोष्टीतली होती. मी सुट्टीत सालेकशाला, तिच्या गावी, आले की मोठी आई म्हणते, इंग्लिश शिकलेली पोरगी आहेस, काही सांग. मला चारचौघांत बोलता येत नाही. पण हात कामात असले की कोणी कोणाकडे बघत नाही, म्हणून कॉलेजला लावलेली एक जाड कादंबरी सांगायला घेतली. एकोणिसाव्या शतकातली, दूरच्या देशातली.

सालेकशाकडं गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यांपैकी कोणाला तरी मधे मधे हूं द्यावं लागतं. त्या दुपारी हूं ताई देत होती. ताई म्हणजे मोठ्या आईची मुलगी. होळीला एका बॅगेनिशी माहेरी आली होती, तेव्हा तिच्या कानाखाली निळं पडलेलं होतं. त्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं.

मोठ्या घरची सुंदर बाई एका सकाळी नवऱ्याचं घर सोडते, मी म्हणाले. हूं. बाप दार उघडत नाही. हूं. बहीण चहा देते, पण मागच्या दारानं वाटेला लावते. हूं. मग ती नवऱ्याकडे परत जाते.

हूं आलं नाही.

तिनं ऐकलं नसेल असं वाटून मी ते वाक्य पुन्हा म्हटलं. ताई सुपात बघत होती. मी घाईघाईनं त्या बाईला नदीत बुडवलं आणि गोष्ट संपवली.

त्यावर मोठी आई ते 'मेली तं बरंच झालं' बोलली. हे मी आधी ऐकलं होतं. आमच्या मॅडमनी वर्गात चांगल्या इंग्रजीत हेच सांगितलं होतं, शेवट अटळ होता म्हणून, आणि मी त्याखाली रेघ मारली होती. लेखकानं तिच्या मानेवर, हातमोज्यांवर, कपाळावरच्या बटेवर पानंच्या पानं लिहिली होती. पण तुला काय हवंय, असं पुस्तकभर तिला कोणी विचारत नाही. लेखकही नाही. दोनदा वाचून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. इथं तेच एक आई बोलत होती, तेही सहज, आणि तिची मुलगी हातभर अंतरावर बसली होती.

"त्या बाईले समजवाले कोणी नोतं का वो?" काकी म्हणाल्या. "आपल्याकडं तं चार माणसं येऊन बसतात."

"बसतात ना. चहा पेतात अन् पोरीले वापस पाठवतात." मोठी आई हसली, आणि अर्ध्यातच थांबली.

तेवढ्यात मोठे बाबा, ताईचे वडील, फाटकातून आत आले. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं मान पुसत म्हणाले, "जावयाचा फोन आलता. उद्या सकाळच्या गाडीनं येऊन राहिले. पोरीची बॅग भरून ठेवा."

काकी सूप घोळवत राहिल्या. ताई उठली, पदराला चिकटलेली फुलं झटकली आणि आत जायला वळली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ते बघून मला जास्त भीती वाटली.

विचारल्याशिवाय मी मोठ्या बाबांशी कधी बोललेले नाही. तरी बोलले, पण आवाज इतका बारीक निघाला की त्यांना कळलंच नाही.

"काय म्हणून राहिली?" त्यांनी विचारलं.

ताई उंबऱ्यात थांबली होती. मी पुन्हा म्हणाले, "मोठे बाबा, जायचं का नाही ते ताईला सांगू द्या. हूं मी देते."