विहीर तत्काळ बंद केली

संस्थानं विलीन झाली, मग नवा प्रांत झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि या धांदलीत आमच्या ग्वाल्हेरच्या कचेरीचा जुना शिक्का सरकारजमा झाला. नवा यायचा होता. साथरोगांचं काम आमच्याकडे, आणि मी तिथला सगळ्यात नवा कारकून.

नेमका तेव्हाच बिर्लानगरच्या मजूरवस्तीत हैजा आला. अख्खी वस्ती एका विहिरीवर. ती बंद करायची, लाल दवा टाकायची, एवढंच काम होतं हो! पण आमचे बडेबाबू पडले दरबारी घराण्यातले, दसऱ्याला शिक्क्याला हळदकुंकू वाहणारे. म्हणाले, "शिक्क्याविना हुकूम म्हणजे कुंकू न लावलेली लग्नपत्रिका. कोण मानेल?"

दवेच्या कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती, सायकल दाराशी उभी होती. पण दवा काढायच्या चिठ्ठीवरही शिक्का लागायचा. आणि गंमत म्हणजे मलाही ते सगळं पटत होतं. आज स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

वस्तीतली एक बाई रोज चालत यायची. "बाबूजी, कुआँ बंद करवा दो." मी रोज सांगायचो, होईल, होईल. चौथ्या दिवशी म्हणाली, आता घरधन्यालाच उलट्या लागल्यात. पाचव्या दिवशी ती आली नाही.

नवव्या दिवशी शिक्का आला. बडेबाबूंनी नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. संध्याकाळच्या आत विहीर बंद.

पुढं साथ ओसरल्यावर भोपाळहून पत्र आलं: साथीत काय चुकलं, पुढच्या वेळी काय करावं, सविस्तर कळवा. बैल गेला नि झोपा केला! पण झोपा तरी धड व्हावा म्हणून मी खरं लिहिलं: नऊ दिवस शिक्क्याची वाट पाहिली. बडेबाबूंनी वाचून चष्मा पुसला. "अरे बाबा, असं नाही लिहीत. 'हुकूम निघताच विहीर तत्काळ बंद केली' असं लिही. खोटं आहे का?"

खोटं कुठं होतं! मी तसंच लिहिलं. पुढच्या साथीसाठी सूचना एकच: शिक्के दोन असावेत.

अहवालाखाली वस्तीतल्या कुणाची तरी साक्ष हवी होती, म्हणून त्याच बाईला बोलावलं. मोकळं कपाळ बघून मी मान खाली घातली आणि अहवाल वाचून दाखवला.

"इसमें हमारे आदमी का नाम कहाँ है, बाबूजी? कुआँ खुला रहा, तभी तो गया वो. बस इतना लिख दो."

बडेबाबू माझ्याकडे रोखून बघत होते. नोकरी कच्ची होती, आणि मी भित्रा होतो.

"अगले पन्ने पर है," मी म्हणालो.

अहवाल एकाच पानाचा होता. तिनं अंगठा उठवला, शाई पदराला पुसली आणि मला आशीर्वाद देऊन गेली.